जाणारी बाजू

कोरटगावात माणूस मेला की तेराव्यापर्यंत होर्डिंगवर राहतो. तेराव्याला फ्लेक्स उतरवला की मग तो जातो. नगरपालिकेने याला कधी हरकत घेतलेली नाही; फक्त परवाना लागतो आणि फोटो अलीकडचा असावा लागतो.

भालचंद्र खटावकरांचा धंदाच होर्डिंगचा. गावाच्या वेशीवर, सिग्नलपाशी, त्यांची साइट होती आणि कुठल्याही साइटला असतात तशा तिला दोन बाजू होत्या. गावात शिरणाऱ्यांना दिसते ती येणारी बाजू, गावाबाहेर पडणाऱ्यांना दिसते ती जाणारी. थोरले भाऊ तात्या वारले तेव्हा दोन्ही बाजू रिकाम्या होत्या. भालचंद्ररावांनी फार विचार न करता भावाला जाणारी बाजू दिली. येणाऱ्या गाड्या तिथून सुसाट जातात. जाणाऱ्यांना मात्र सिग्नल लागतो. माणसे थांबतात, वर बघतात, खालच्या शोकाकुलांची नावेसुद्धा सवडीने वाचतात. धंद्यात याहून चांगली जागा नाही, आणि सख्ख्या भावाला हलकी जागा देणाऱ्यांतले ते नव्हते.

तात्या म्हणजे एस.टी.तले निवृत्त कंट्रोलर. सुरुवातीला त्यांना वर बरे वाटले. लाल दिव्याला थांबलेल्यांशी ते बोलत, कुणाच्या चाकात हवा कमी असली तर सांगत, हेल्मेट न घातलेल्यांना झापत. हयातीत त्यांच्याकडे कुणी इतकी मान वर करून पाहिले नव्हते.

मग मेलबर्नहून फोन आला. तात्यांच्या एकुलत्या एका मुलीला, गार्गीला, एकदाची रजा मिळाली होती. तेराव्याच्या आदल्या दिवशी ती पोचणार होती. भालचंद्ररावांनी सिग्नलला स्कूटर थांबवून ही बातमी वर सांगितली.

"भाल्या, ती येताना मला दिसणार कशी?"

"म्हणजे?"

"माझं तोंड गावाकडं आहे. येणारी माणसं मला पाठमोरी दिसतात. समोरून दिसतात ती नुसती जाणारी."

होर्डिंगकडे किती डोळे वळतात याचा हिशेब करण्यात भालचंद्ररावांची हयात गेली होती. होर्डिंगला काय दिसते, हे त्यांच्या कधी डोक्यातच आले नव्हते.

ते तडक नगरपालिकेत गेले. परवाना विभागात सय्यदबाई होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि चहा मागवला.

"बाजू बदलून देते मी. पण फ्लेक्स उतरवावा लागेल."

"उतरवतो की."

"खटावकर, उतरवलेला माणूस परत चढत नाही. हे तुम्हाला मी सांगायचं का?"

भालचंद्ररावांनी कप खाली ठेवला. "मग पोरीला गावातून फिरवून समोर आणतो. तात्या तिचं तोंड तरी बघतील."

"आणा. पण जाणाऱ्या बाजूवरच्याला समोरचा प्रत्येक जण निघालेलाच वाटतो. कितीही सांगा, पटत नाही. हा नियम काही आमचा नव्हे." बाईंनी परवान्याची फाईल मिटली. "मुलगी परदेशात आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

ठाऊक होते. तेच तर वाईट होते. दुसरी बाजू रिकामी असताना त्यांनी भावाला लोकांची गर्दी दिली होती आणि भावाला हवे होते एकच माणूस.

गार्गी ठरल्या दिवशी आली. भालचंद्ररावांनी तिला विमानतळावरून आणले, वाटेत सगळे समजावून सांगितले, होर्डिंगखालून गाडी गावात घेतली आणि पुढच्या चौकातून वळवून परत आणली. लाल दिवा लागला. तिने काच खाली केली.

"बाबा."

तात्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"निघालीस?"

"नाही बाबा, आत्ताच येतेय. काकांनी थेट विमानतळावरून आणलंय."

"असू दे गं. रजा संपली असेल. तू कधी आलीस ते मला कळलंच नाही. जेवलीस का नीट?"

"बाबा, मी अजून घरीसुद्धा गेले नाहीये."

"वाटेत खायला काही घेतलंस ना?"

मागच्या गाडीने हॉर्न दिला. भालचंद्ररावांनी पुढून वळसा घालून गाडी पुन्हा गावातून आणली. तात्यांनी पुन्हा तेच विचारले. रजा वाया गेली, भेट झालीच नाही, याचे त्यांना फार वाईट वाटत होते, आणि गार्गी खरे सांगे तसे ते जास्तच कष्टी होत. भालचंद्ररावांना वर बघवेना. चूक आपली आणि भोगतायत ही दोघे, असे त्यांना झाले होते.

तिसऱ्या खेपेला गार्गीने डोळे पुसले आणि काच पूर्ण खाली केली.

"निघालीस?"

"हो बाबा. निघाले. पण चांगली राहिले हं यावेळी. रोज तुमच्याशी बोलत बसले. तुम्ही विसरलात."

तात्या आठवू लागले. "खरंच?"

"खरंच."

"मग ठीक आहे," तात्या म्हणाले. त्यांचा चेहरा निवळला. "पोचल्यावर फोन कर."

"करते. येते, बाबा."

तात्यांनी मान हलवली. दिवा हिरवा झाला आणि भालचंद्ररावांनी गाडी गावाबाहेर काढली.