मागच्या डाव्या चाकाचं रहस्य

"मी गुन्ह्याकडे बघत नाही," मामा म्हणतात. "गुन्हा माझ्याकडे बघतो आणि घाबरून कबुली देतो."

माझे मामा गॅसचे मीटर वाचायचे. पस्तीस वर्षं अनोळखी लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपले आणि निवृत्त झाल्यावर त्याच आठवड्यात गुप्तहेर झाले. दोन्ही कामं एकच, असं त्यांचं मत आहे: टॉर्च, मऊ बूट आणि कुत्र्यांपासून सावधगिरी. आजवर त्यांच्या नावावर चौदा प्रकरणं आहेत. शेजाऱ्यांची हरवलेली छत्री ते तीन दिवस शोधत होते. पाऊस होता, म्हणून तीच छत्री डोक्यावर धरून.

मी त्यांची सहायक. पद मानाचं आहे, म्हणजे मान डोलवत राहावी लागते.

पंधरावं प्रकरण आमच्याच दारात घडलं. बाबांनी चार वर्षांपूर्वी दुसऱ्याने वापरलेली एक हायब्रिड गाडी घेतली होती. पेट्रोलवर चालते आणि घरच्या प्लगला लावून ठेवली की विजेवरही. बाबांना जाऊन पाच महिने झाले. आता ती मी चालवते. सोमवारी तिची वार्षिक तपासणी झाली आणि गाडी नापास झाली. कागदावर एकच शेरा होता: मागचे ब्रेक कमजोर, डावा जास्त. फेरतपासणी शुक्रवारी.

"पास झाली तर ठेवू," आई म्हणाली. "नाही तर विकून टाकू. जुन्या गाड्यांच्या दलालाचा दोनदा फोन येऊन गेलाय."

एवढं बोलून ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली. मला गाडी विकायची नव्हती. तसं मी म्हटलं नाही. गॅरेजला फोन केला, त्यांना आठवडाभर वेळ नव्हता. मग मामांना फोन केला, यावरून माझी अवस्था कळावी.

मामांनी चाकाच्या फटीतून टॉर्च मारला, बोट घालून तांबडी भुकटी काढली आणि हुंगली.

"गंज. गंज म्हणजे पाणी. पाणी म्हणजे पाणी मारणारा! डाव्या बाजूला कोण राहतं?"

"दातांचे डॉक्टर."

"त्यांच्याकडे नळी आहे?"

"झाडांना पाणी घालतात ते."

"झाडांना!" मामा इतकं कुत्सित हसले, की झाडांनाही लागलं असावं.

ते दाढदुखीचं सोंग घेऊन चौकशीला गेले. दीड तासाने परत आले तेव्हा अर्धा चेहरा बधिर होता.

"तो निल्दोष आहे."

"कशावरून?"

"सोंग घेऊन गेलो, तल त्याने दोन मिनिटांत खली किडलेली दाढ शोधून काढली. इतका प्लामाणिक माणूस चाकावल पाणी मालणाल नाही."

दुसऱ्या दिवशी चेहरा ताळ्यावर आला आणि नवा सिद्धांतही. "यंत्र खोटं बोलतंय," मामा म्हणाले. "सगळ्या गाड्यांची तपासणी यंत्र करतं. यंत्राची तपासणी कोण करतं?"

ती अर्थातच मामांनी करायची ठरली. गुरुवारी त्यांनी स्वतःची बावीस वर्षांची लाल गाडी काढली आणि साक्षीदार म्हणून आम्हा मायलेकींना बसवलं. मामा दिव्याच्या प्रत्येक खांबाला ब्रेक मारतात. खांब आडवा आला तर, म्हणून. आई दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसली होती.

तपासणी केंद्रातल्या बाईंनी गाडी ब्रेक मोजणाऱ्या यंत्राच्या रोलरवर घेतली, आकडे पाहिले आणि पुन्हा पाहिले. "ब्रेक उत्तम आहेत. नव्या गाड्यांचेही इतके नसतात."

"सिद्ध झालं!" मामा ओरडले. "जे यंत्र माझ्या गाडीला उत्तम म्हणतं, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"बाकी सगळ्यात तुमची गाडी नापास आहे," बाई म्हणाल्या.

परतताना मामांनी एका पारव्यासाठी ब्रेक मारला. पारवा पलीकडच्या फुटपाथवर होता.

"अरे, किती ब्रेक मारतोस!" आई वैतागली. मग एकदम थांबली. "म्हणूनच तुझे चांगले आहेत. रोज घासले जातात. आणि आमच्या ह्यांनी चार वर्षांत कधी ब्रेक मारला का?"

नव्हता मारला. लांबूनच लाल दिवा पाहून बाबा पाय उचलायचे. गाडी आपोआप हळू व्हायची आणि तेवढीच वीज बॅटरीत भरायची. ब्रेक लागला म्हणजे ड्रायव्हरने विचार उशिरा केला, असं ते म्हणायचे. मलाही त्यांनी तसंच शिकवलं होतं आणि मी तसंच चालवत होते.

"वापरली नाही तर सुरीसुद्धा गंजते," आई म्हणाली.

मामांनी पुढच्या खांबाला ब्रेक मारला. "मी याच निष्कर्षाकडे येत होतो."

"ये सावकाश. आम्ही थांबलोय."

केंद्रातल्या बाईंना फोनवर विचारलं. वरवरचा गंज असेल तर जोरात ब्रेक मारून निघेल, खोल असेल तर नाही, असं त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी आम्ही गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. आई शेजारी, मामा मागे. मी वेग घेतला आणि ब्रेक दाबला.

"हा ब्रेक होता की नमस्कार?" मामांनी विचारलं.

पाय नीट पोचत नव्हता. बाबा उंच होते. त्यांची सीट मी पुढे घेतली नव्हती, पाच महिने पाठीमागे उशी ठेवून भागवत होते. आईने एकदा माझ्या पायाकडे पाहिलं, माझ्या पाठीमागची उशी ओढून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "सीट पुढे घे."

घेतली. करकरत सरकली.

मग दाबला. मागून भयंकर खरखर ऐकू आली आणि मामांचं नाक माझ्या सीटवर आपटलं. "पुन्हा," आई म्हणाली. सहाव्या खेपेला खरखर कमी झाली. दहाव्या खेपेला नुसता टायरचा आवाज उरला. आई उशी घट्ट धरून हसत होती. मामा नाक धरून होते.

दुपारी गाडी पास झाली.

घरी येताना सिग्नलला थांबलो. मामांनी प्रमाणपत्राचं पाकीट मागून घेतलं आणि त्याच्या पाठीवर लिहू लागले. पेन अडलं. "ताई, प्रकरण बंद करायचं तर आरोपी लागतो. आता भावजींचं नाव कसं घालू?"

"घाल," आई म्हणाली. "आणि खाली लिही, आरोपी फरार."

मामांनी लिहिलं. आईने पाकीट परत घेतलं, वाचलं आणि पर्समध्ये ठेवलं.

"चल," ती मला म्हणाली. "हिरवा झालाय."