पाणी उजव्या हाताला

पहिल्यांदा खटकली ती टोपी.

पहिल्या तळ्याच्या काठावर एक माणूस घडीच्या स्टुलावर बसून गळ टाकून मासे धरत होता. डोक्यावर हिरवी टोपी, शेजारी लाल बादली. माझी सायकल जवळून गेली तसा त्याने हात हलवला. मी हलवला नाही. (यात उद्धटपणा नव्हता. एक हात हॅन्डलवरून काढला की माझी सायकल स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ लागते.) पुढे जवळपास अर्धा तास पेडल मारून मी दुसऱ्या तळ्याशी पोचले, तर तिथेही काठावर एक माणूस स्टुलावर बसलेला. गळ, लाल बादली आणि डोक्यावर हिरवी टोपी.

मी दोन्ही ब्रेक एकदम दाबले.

मग मी स्वतःची समजूत घातली. मासे धरणाऱ्यांचं एखादं मंडळ असेल, त्यांनी सभासदांना टोप्या वाटल्या असतील. बादल्याही वाटल्या असतील. मी शिकलेली मुलगी, बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलेली. टोपीला घाबरून कसं चालेल?

आता मी तिथे काय करत होते ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी हौसेने गेले. हौसेने मी साधी गच्चीवरसुद्धा जात नाही.

मी सहलीची मार्गदर्शक पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात प्रुफं तपासते. ऑफिस दोन खोल्यांचं. पहिल्या खोलीत मॅडम बसतात, दुसऱ्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे बसतात, आणि गठ्ठ्यांतून उरलेल्या जागेत मी. माझी सहा महिन्यांची कच्ची नोकरी सोमवारी संपणार होती. त्यानंतर एकतर कायम, नाहीतर घरी. आणि आमच्याकडे कायम होण्याची एक ठरलेली रीत आहे. पुस्तक नव्याने छपाईला जाण्याआधी एकाने त्याचं प्रूफ हातात घेऊन ती सहल करायची. नकाशा बघायचा नाही, वाटेत कोणाला विचारायचं नाही. प्रुफात लिहिलंय तेवढंच करायचं.

"म्हणजे तू एक बिनडोक परकी बाई आहेस, असं समजायचं," मॅडम म्हणाल्या. "जमेल?"

"जमेल, मॅडम."

"मलाही वाटतं जमेल." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "आणि हे बघ, 'सगळं बरोबर आहे' असं सांगत येऊ नकोस. जो तसं सांगतो तो घरी झोपा काढून आला, असं मी धरते. इथे जे कायम झाले त्यांनी एक तरी सणसणीत चूक शोधून आणली होती. सायकल येते ना?"

"येते." (येत होती. सातवीत.)

पुस्तकाचं नाव 'पाच तळ्यांची सायकल सहल'. सायकल ताईची. शुक्रवारी संध्याकाळी ती आणायला गेले, तेव्हा मी तिला मोजकेच प्रश्न विचारले.

"ताई, आधी कुठला ब्रेक दाबायचा?"

"हाताला लागेल तो."

"आणि कुत्रं मागे लागलं तर?"

"त्याला पुढे जाऊ दे."

"आणि मी पडले तर?"

"अगं, तो मुलूख बशीसारखा सपाट आहे. तिथे पडायचं म्हटलं तरी तुला मेहनत करावी लागेल. जा आता, माझे पेशंट खोळंबलेत." (ताई फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे हातपाय पिरगाळून झाले की उरलेल्या वेळात ती मला पिरगाळते.)

तर शनिवारी सकाळी मी निघाले. खरं सांगते, सुरुवातीला फार छान वाटलं. रस्ता खरंच सपाट होता. एका बाजूला शेतं, एका बाजूला झाडांची रांग, आणि झाडांच्या फटींतून चमचमणारं पाणी. एक खंड्या माझ्या पुढे पुढे या फांदीवरून त्या फांदीवर जात होता. वाहन एकही नाही. माझी नजर मात्र चाकापुढच्या दोन हात रस्त्यावर होती, कारण खड्डे तिथे असतात. प्रुफातल्या वाटेच्या वर्णनाचं पहिलं वाक्य मी पाठ केलं होतं: 'या सहलीत पाणी सदैव उजव्या हाताला ठेवावे.' सोपं होतं. उजवा हात कोणता हे मला घड्याळामुळे कळतं. मी ते मुद्दाम उजव्या हातात घालते.

दुसऱ्या तळ्याचं नाव प्रुफात 'बदकांचं तळं' असं होतं. मी थांबून नीट पाहिलं. बदक एकही नव्हतं. कमळं होती. पहिल्या, कमळांच्या तळ्यात होती तेवढीच, तशीच. आणि ताईच्या सायकलच्या मीटरप्रमाणे दोन तळ्यांमधलं अंतर जेमतेम तीन किलोमीटर. प्रुफात सहा!

चूक! एक नव्हे, दोन! मी तिथल्या तिथे मॅडमना मेसेज केला: 'बदकांच्या तळ्यात बदकं नाहीत, कमळं आहेत. अंतर सहा नसून तीन आहे.'

उत्तर आलं: 'नक्की?'

'स्वतः पाहिलं.'

'बारा वर्षं हेच छापतोय आपण! पुढे बघ.'

मी जवळजवळ उडतच पुढे गेले. (म्हणजे चालणाऱ्या माणसाला मागे टाकलं असतं, एवढ्या वेगाने.) तिसऱ्या तळ्याला प्रुफात 'आरसा तळं' म्हटलं होतं, 'ज्यात एकही वनस्पती नाही'. तिथे काय असावं? कमळं! या भागात कोणीतरी कमळांचा सुळसुळाट केला होता, आणि आमच्या पुस्तकाला त्याचा पत्ताच नव्हता. अंतर पुन्हा तीन. काठावर दगडी बाक होता. बाकाच्या पुढे, वळणावर...

हिरवी टोपी. लाल बादली.

आता मात्र मंडळाचा तर्क पुरेना. कारण या वेळी मी चेहरा पाहिला. तोच. मिशी तीच, मिशीचा डावीकडचा झुकावही तोच. तो उभा राहिला आणि म्हणाला, "काय बाई, सापडलं का?"

"काय?"

"जे शोधताय ते."

मी एक चूक शोधायला निघाले होते हे या माणसाला कोणी सांगितलं? मी सायकल वळवून मागच्या बाकाशी गेले, दोन घोट पाणी प्यायले आणि प्रूफ पुन्हा पहिल्यापासून वाचलं, न जाणो आपलंच काही चुकत असलं तर! नववं पान दोनदा वाचलं. पाणी सदैव उजव्या हाताला ठेवावे. ठेवलं होतं. त्या पानावर पूर्वी आणखी एक ओळ होती, ते मला आठवलं. गुरुवारी पान एका ओळीने खाली घसरत होतं, म्हणून मॅडमनी सांगितलं होतं, "कुठलीही बिनमहत्त्वाची ओळ काढ." मी काढली होती. छोट्या पुलाशी तळं सोडून डावीकडच्या फाट्याला वळा, असं काहीतरी होतं त्यात. तळी बघायला आलेला माणूस तळं कशाला सोडेल, असा विचार मी केला होता, आणि तो मला आजही पटला.

म्हणजे माझं काही चुकत नव्हतं. चुकत होतं पुस्तक, आणि पाठलाग करत होता तो. मी मॅडमना कळवलं: 'दुसऱ्या, तिसऱ्या तळ्याचं वर्णन चूक. सगळी अंतरं चूक.'

'शाब्बास! छपाई थांबवायला सांगते. सोमवारी तुझं पत्र तयार ठेवते.'

पत्र! मी कायम होणार होते! फक्त सोमवारपर्यंत जिवंत राहायचं होतं.

मी मान खाली घालून, त्या माणसाकडे न बघता, त्याच्या समोरून सुसाट निघाले. छोटा पूल आला, गेला. एवढ्या वेगात सायकल मी आयुष्यात चालवली नव्हती. हा माणूस पायी आहे, याला सायकल नाही, आपण याला मागे टाकू शकतो, असं मी मनाला बजावत होते. चौथ्या तळ्याशी पोचले तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. बाक दिसला. (बाकही सगळीकडे एकाच नमुन्याचे बसवलेत.) म्हटलं पाणी प्यावं, आणि हात घातला तर सायकलला बाटली नाही. तिसऱ्या तळ्याच्या बाकावर राहिली होती.

आणि ती समोर होती. चौथ्या तळ्याच्या बाकावर. माझी निळी बाटली. झाकणावर ताईने रंगवलेल्या माझ्या नावासकट.

त्याने ती तीन किलोमीटर आणली होती. माझ्या आधी. आणि मला दिसेल अशी मांडून ठेवली होती!

तो वळणावर होताच. आता बसलेला नव्हता. स्टूल घडी करून काखेत धरलं होतं आणि गळाची काठी दोन्ही हातांत आडवी. मला बघून तो एक पाऊल मागे सरला आणि म्हणाला, "बाई, मी काही केलेलं नाही हो."

तुम्हीच सांगा, ज्याने खरंच काही केलेलं नाही तो असं कशाला म्हणेल?

"माझ्या मागे येऊ नका!" मी ओरडले. बऱ्यापैकी जोरात. झाडावरचे बगळे उडाले.

"मी?" तो म्हणाला. "मी येतोय?"

काय ही धिटाई! मी पेडल मारत सुटले. पाचवं तळं म्हणजे शेवटचं. प्रुफाप्रमाणे तिथे बसथांबा होता, दुकानं होती, माणसं होती. त्या बसथांब्यासाठी मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. यापुढे ताईला उलट बोलणार नाही, हेही त्यात होतं. पाय भरून आले होते, वारा समोरून होता, (मघाशी याच बाजूचा वारा पाठीशी कसा होता, हा प्रश्न माझ्या तर्कशास्त्राला पडला नाही,) आणि मी पोचले. झाडांची रांग. फटींतून पाणी. कमळं. बाक. बसथांबा नाही. दुकान नाही.

वळणावर कोणी नव्हतं. नुसती लाल बादली. मी सुटकेचा श्वास घेणार, एवढ्यात पन्नास पावलांवरच्या जाड खोडाच्या एका बाजूने हिरव्या टोपीची कड दिसली. तो लपला होता. दबा धरून!

मी सायकलवरून उतरले. (पडले. पण सपाट जागी, ताई म्हणाली होती तसं मेहनतीने.) मोबाईल काढला. ताईला लावला. वाजून वाजून बंद झाला, कुणाचा तरी गुडघा तिच्या हातात असणार. मॅडमना लावला. 'आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे.' प्रुफाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलं होतं: 'वाटेत अडचण आल्यास तळ्यांच्या देखरेखीवरील माणसास फोन करावा', आणि खाली नंबर. तो लावला. तोही दुसऱ्या कॉलवर. पुन्हा मॅडम: बिझी. पुन्हा तो नंबर: बिझी. अख्ख्या जगाला नेमकं याच क्षणी एकमेकांशी बोलायचं होतं, आणि इकडे मी कायम होण्याच्या दोन दिवस आधी कायमची जाणार होते.

तिसऱ्यांदा तो नंबर लावला आणि रिंग गेली.

रिंग माझ्या कानात वाजली. आणि त्या झाडामागेही वाजली.

मी फोन कानापासून लांब धरला. झाडामागे वाजतच होता. मग थांबला, आणि माझ्या हातातल्या फोनमधून एक दबका आवाज आला. मी तो पुन्हा कानाला लावला.

"हॅलो, मॅडम? दुसऱ्या नंबरवरून का? तेच सांगत होतो मघाशी. तुमची पाचही तळी जिथल्या तिथे आहेत. बदकंही आहेत, सकाळीच मोजली. अंतरही सहाच आहे. पुलाशी डावीकडे वळायचं, हे तुमच्याच पुस्तकात लिहिलंय की! तिथे जो वळणार नाही तो या एकाच तळ्याला फिरत बसेल, दुसरं काय होणार? आणि मॅडम, जरा हळू बोलतो, रागावू नका. इथे एक बाई आलीय. सकाळपासून तळ्याला गरगर फेऱ्या घालतेय. दर फेरीला माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघते. मघाशी अंगावर ओरडली. आता समोर उभी राहून कुणाला तरी फोन लावतेय, साथीदार बोलावतेय बहुतेक. मला तर घाम फुटलाय. तुम्ही कुणाला तपासायला पाठवणार म्हणाला होता ना, ती हीच तर नव्हे? तुमच्याकडची नाही ना ही?"

मी सायकल उचलली, हळूच बाकामागे सरकले, आणि मॅडमचा आवाज जमेल तेवढा काढून म्हणाले, "छे हो. आमच्याकडे इतकं बिनडोक कोणी नाही."