गार झाडाचा ठराव

एका जंगलात बेहड्याचं एक म्हातारं झाड होतं. नीट बसा पोरांनो, चुळबुळ नको. त्या बेहड्याच्या ढोलीत भागाबाई धनेशीण अंड्यांवर बसली होती. धनेशांची रीतच तशी. बाई ढोलीत शिरते, दार लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते आणि पंखांची पिसं गाळून टाकते. मग कितीतरी दिवस उडायचं नाव नाही. नवरा फळं आणून भरवतो.

त्या वर्षी एक बगळा परदेशात शिकून आला. येताना त्याने उष्मागतिकी आणली, म्हणजे उष्णतेचं शास्त्र. तो शब्द म्हणताना दोन बेडकांच्या जिभेला गाठ पडली. बगळ्याने वाळूत खडे मांडून जंगलाचं मॉडेल केलं. एक झाड, एक खडा.

"झाड उन्हाची ऊब घेतं नि वाढतं," तो म्हणाला. "म्हणजे गरम ते वाढणारं. प्राणी मेला की गार पडतो. म्हणजे गार ते मेलेलं. झालं जंगलाचं गणित!"

भर दुपारी तो थर्मामीटर घेऊन फिरला. उघड्या माळावर वाळकी कुसळं नुसती तापली होती. "वा! काय जोमदार वाढ!" बेहडा मात्र गार लागला. बगळ्याने त्याचा खडा उचलून फेकून दिला.

सरपंच रानगव्याने सभा बोलावली. कुठे? बेहड्याखालीच. दरवेळी तिथेच भरायची. ठराव असा, की मेलेला बेहडा हत्तीने आजच पाडावा.

फटीतून चोच बाहेर आली. "अहो सरपंच, मी आत आहे! माझी अंडी आहेत!"

"मग बाहेर ये की," माकडीण म्हणाली.

"कशी येऊ? पिसं कुठायत? तुझीच कार्टी कानात खोचून हिंडतायत ती!"

"मॉडेलमध्ये ढोली नाही," बगळा म्हणाला.

"चुलीत घाल तुझं मॉडेल! अरे, झाड मुळांनी पाणी ओढतं, पानांतून सोडतं, म्हणून गार राहतं. राबतंय ते! आणि गार ते मेलेलं, तर आधी स्वतःच्या तंगड्या मोज. दिवसभर पाण्यात असतात!"

मोजल्या. बेहड्याहून गार निघाल्या. सभा खो खो हसली.

"अभ्यास करणाऱ्याला गणितात धरत नाहीत," बगळा म्हणाला.

ते सगळ्यांना पटलं. ठराव मंजूर झाला.

भागाबाईने अंडी पोटाखाली ओढली. हत्तीने बुंध्याला कपाळ टेकवलं.

"हटा सगळे. अंगावर पडेल."

सगळे उन्हात गेले. खूर भाजले, शेपट्या पोळल्या. सरपंच पहिला परत आला. म्हणाला, "कागद विसरलो." मागून माकडीण आली, ससे आले. शेवटी तंगड्या झाडत बगळा आला.

"हटा म्हटलं ना!"

"आधी सरपंचांनी हटावं," माकडीण म्हणाली.

"आधी विद्वानांनी," सरपंच म्हणाला.

बगळा म्हणाला, "मी निरीक्षण करतोय."

वाट बघता बघता हत्तीला उभ्या उभ्या डुलकी लागली.

"काय रे बगळ्या," फटीतून भागाबाई म्हणाली, "मेलेलं झाड गार वारा घालतंय ना नीट?"

पिल्लं कधीच उडून गेली. ठराव अजून कायम आहे. सावली रिकामी झाली की बेहडा पडणार. रिकामी होते संध्याकाळी, पण तेव्हा हत्तीची सुटी असते. मॉडेलमध्ये बेहड्याचा खडा अजून नाही. मॉडेल मात्र बगळ्याने बेहड्याखाली हलवलंय. उन्हात वाळू फार तापते म्हणे.

तात्पर्य: विद्वानाशी वाद घालून झाड वाचत नाही. ठराव खुशाल मंजूर करा, टाळ्याही वाजवा. फक्त अंमलबजावणी भर दुपारची ठेवा.