नत्थूकाकांचा बिनविजेचा पंखा

नत्थूकाकांच्या घरात शिरायचं तर चपलांच्या आधी घड्याळ काढावं लागे. दाराजवळच्या कोनाड्यात त्यासाठी एक पितळी वाटी ठेवलेली होती. पोस्टमन असो, पाहुणा असो, काका आधी त्याच्या मनगटाकडे बघत. "घड्याळ हाये? काढा. मंग बोला." मी खोली मागायला गेलो तेव्हा माझ्याकडे घड्याळच नव्हतं. काकांना तेवढा गुण पुरला. खोली मिळाली.

मी नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातून नागपुरात शिकायला आलो होतो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. काकांची मुलगी सुमन आमच्याच गावात दिलेली, त्या ओळखीनं मी त्यांच्याकडे गेलो. सायन्सला आहे म्हणालो आणि त्या दिवसापासून माझं नावच सायन्स पडलं. "काय गा सायन्स, जेवला का?"

काका लग्नकार्यांना लाऊडस्पीकर भाड्यानं देत. जळालेल्या लाऊडस्पीकरमधून एक जड, गोल चुंबक निघतं. बाकीचे लोक ते भंगारात टाकतात. काका ते घरी आणत. खाटेखाली चुंबक, तांदळाच्या डब्यामागे चुंबक, आणि बंडीच्या दोन्ही खिशांत एकेक, हे तर कायमचं. काकूंची सुई हरवली की त्या झाडू घेत नसत. "अहो, जरा इकडून तिकडं चाला बरं," म्हणत. काका मुकाट्यानं चालत आणि सुई सापडे. न्हाव्यानं मात्र सांगून टाकलं होतं, बंडी काढल्याशिवाय वस्तऱ्याला हात लावणार नाही.

या चुंबकांवर घरातली सगळी यंत्रं चालवायची, हा काकांचा संकल्प होता. आधी पंखा, मग रेडिओ, मग वरवंटा. "वीज म्हंजे नोकर मानूस गा," ते मला समजावत. "मनात आलं तं येते, नाही तं सुट्टीवर जाते. चुंबकाले पाह्य. सुट्टी नाही, पगार नाही, आन् ओढनं सुरूच."

"वरवंट्याले हात लावाल तं चटनी तुमचीच वाटीन," काकू आतून म्हणत.

"तू चूप राह्य वं. सायन्सची गोष्ट सुरू हाये."

पंखा तयार होता म्हणा. सायकलचं एक चाक स्टँडवर उभं केलेलं, त्याला पत्र्याची पाती, कडेला चिंध्यांनी बांधलेली चुंबकं आणि समोर लाकडी चौकटीत आणखी चुंबकं. काका बोटानं चाकाला ढकलत. चाक एक फेरी घेई, दुसरी अर्धी घेई, मग अडलेल्या बैलासारखं जरा मागे येऊन थांबे.

"पाह्यलं? इच्छा हाये त्याची," काका म्हणत.

मला राहवलं नाही. पुस्तकात वाचलेलं एकदा धीर करून सांगितलं, "काका, बाहेरून शक्ती दिल्याशिवाय यंत्र सारखं चालत नाही. चुंबक जेवढं ओढतं तेवढंच परत अडवतं."

"पुस्तक लिहिनाऱ्यानं माहा पंखा पाह्यला काय?"

"नाही."

"मंग त्याची चुकी नाही," काका मोठ्या मनानं म्हणाले.

आता त्या पितळी वाटीचं सांगतो. सुमनच्या पहिल्या दिवाळीला जावई, वासुदेवराव, लग्नात मिळालेलं घड्याळ घालून आले. आंघोळीला जाताना त्यांनी ते सासऱ्यांच्या हातात दिलं. काकांनी ते घरातल्या सगळ्यांत सुरक्षित जागी, म्हणजे चुंबकांच्या पेटीत ठेवलं. पेटीतून निघालेलं घड्याळ स्वतःच्या मर्जीनं चालू लागलं. वासुदेवरावांची गाडी चुकली. बाजारात दुकानदार हसले. जावई रुसला तो रुसलाच. तेव्हापासून सुमन माहेरी आली नव्हती. वाटी त्यानंतर कोनाड्यात आली.

आता सुमनला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण होळीला मी गावी गेलो तेव्हा वासुदेवरावांनी मला थांबवून सांगितलं, "तुह्या काकाले सांग, मे महिन्यात नागपूरची गरमी, आन् दुपारी विजेची लाइन जाते. बाळंतीण का उकडाले पाठवू तिथं? इथं मागं संत्र्याची सावली हाये."

हा निरोप मी शक्य तितका मऊ करून सांगितला. काकूंनी पदरानं डोळे पुसले. काका उठून उभे राहिले. "सांग त्याले, माह्या घरचा पंखा बंद नाही पडनार."

मी सांगितलं नाही. पण एप्रिल संपता संपता वासुदेवराव आपल्या दुकानासाठी कापड घ्यायला नागपूरला आले, तेव्हा काका त्यांना बाजारातून हाताला धरूनच घेऊन आले. घड्याळ वाटीत गेलं. लाइन गेल्यानं खोलीत अंधार होता म्हणून चाक अंगणात मांडलं. भर दुपार. काकांनी बोट लावलं.

चाक फिरलं. एक फेरी, दुसरी, दहावी. पाती दिसेनाशी झाली.

"अरे बाप्पा!" वासुदेवराव म्हणाले.

मी पाहिलं, तर दोरीवर वाळत घातलेली काकूंची लुगडीही त्याच दिशेला, तितक्याच जोरानं फडफडत होती. दुपारची झळ सुटली होती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी माझ्या पायावर पाय दिला.

"सायन्स, जवाईबापूले पानी आन गा."

मी पाणी आणलं. वासुदेवराव ते पिऊन म्हणाले, "पुढच्या हप्त्यात पाठवतो सुमनले."

संध्याकाळी आम्ही चाक आत आणलं. काकांनी बोट लावलं. एक फेरी, दीड, आणि बैल अडला. काकांनी पुन्हा लावलं. मग ते दारातून अंगणाकडे बघत राहिले. लुगडी आता सरळ लोंबत होती.

"वारा होता काय गा?"

"हो काका."

"तुले तवाच समजलं?"

"हो. काकूंनाही."

"म्हंजे मलेच नाही," काका म्हणाले आणि खाटेवर बसले. काकू म्हणाल्या, "कसं का होईना, पोरगी येऊन राहिली न. उठा, हातपाय धुवा."

सुमन आली. मुलगी झाली. माझी परीक्षा लांबली होती म्हणून मी मे महिन्यातही तिथंच होतो. लाइन रोज दुपारी जायचीच. एकदा अशीच गेली आणि माझ्या खोलीत बसवेना, म्हणून मी माठातलं पाणी प्यायला काकांच्या घरात गेलो. बाळंतिणीच्या खोलीचा दरवाजा अर्धा उघडा होता. सुमन डोळे मिटून पडली होती, शेजारी बाळ होतं आणि समोर सायकलचं चाक फिरत होतं. वाऱ्यानं नव्हे. खिडकी बंद होती आणि तिच्यावरचा पडदा जागचा हलत नव्हता. चाक संथ, एकसारखं फिरत होतं आणि बाळाचं जावळ हळूच उडत होतं.

खरं सांगतो, क्षणभर मला वाटलं की आमचं पुस्तकच चुकलं.

मग चाकापासून निघालेली एक काळी दोरी दिसली. ती भिंतीच्या कडेनं स्वयंपाकघरात गेली होती. मी तिच्यामागे गेलो. काकांच्या वडिलांचा सुताच्या कांड्या भरायचा चरखा, हातमाग विकला तेव्हा माळ्यावर टाकलेला, खाली काढून पुसला होता. त्याच्यापुढे पाटावर काका उघड्या अंगानं बसले होते आणि चरख्याची मूठ फिरवत होते. घामानं निथळत होते. शेजारी काकू बसल्या होत्या आणि काकांना सुपानं वारा घालत होत्या.

मला पाहून काकांनी मोकळ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

तेवढ्यात आतून सुमनचा आवाज आला, बाळ जागं होऊ नये इतका हळू. "बाबा, राहू द्या न आता. हात भरून आला असंन."

काकूंनी सूप तोंडावर धरलं. त्यांचे खांदे हलत होते, हसण्यानं की कशानं ते मला कळलं नाही.

"हात?" काका तिथूनच म्हणाले. "कोनाचा हात वं? झोप तू." आणि त्यांनी मूठ उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.