सातव्या पानावरची चूक

हे सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. पांढरीपांडे सर गेल्यावर तर टाळणं आणखी सोपं झालं.

आम्ही दोघं रायपूरच्या एका कॉलेजात गणित शिकवायचो. सरांना कशाहीबद्दल दोनच प्रश्न पडत: ती गोष्ट आहे का, आणि असली तर एकच आहे का. त्यांना स्थळ सांगून आलं तेव्हा मुलीच्या वडिलांना म्हणाले, "मुलगी आहे, हे समजलं. पण मले योग्य अशी ही एकच, हे कशावरून?" सर अविवाहित राहिले.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि सरकारी ऑफिसं रोज जागा बदलू लागली. सर आधी अंदाजानं एका दारात शिरत, तिथे कळेल त्यावरून पुढच्या. आपली इंटिग्रल समीकरणंही ते अशीच सोडवत. त्यांत जे शोधायचं तेच इंटिग्रलच्या आत दडून बसलेलं. म्हणून अंदाज घालायचा, येईल ते पुन्हा आत घालायचं, हळूहळू उत्तर स्थिरावतं. "पहिला अंदाज कसाबी असू द्या भाऊ, फेऱ्या जवळ येत गेल्या पाहिजेत." शिक्षण विभाग शोधताना ते एकदा पशुसंवर्धनात स्थिरावले आणि चहा पिऊन आले.

एका जातीच्या समीकरणांना उत्तर असतंच आणि ते एकच असतं, याची सिद्धता त्यांनी लिहिली. वीस पानं. छापायला पाठवण्याआधी मला तपासायला दिली. महिनाभर मी ती उघडलीच नाही. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, तेव्हा लाज राखायला मी म्हणालो, "सातव्या पानावर अडतंय, सर."

चूक आहे, हे सरांनी तत्काळ मानलं. ती एकच आहे का, हे शोधायला बसले. ते पान खिशात घेऊन फिरत, दूधवाल्यालाही समजावत. लेख काहून पाठवत नाही, असं कोणी विचारलं की अभिमानानं सांगत, "भाऊनं पकडलं ना."

ते निवृत्त झाल्यावर मी तो लेख एकदाचा वाचला. सातवं पान निर्दोष होतं. बाकीचीही.

कबुली द्यायला तेलीबांध्याला त्यांच्या घरी गेलो. सर थकले होते. स्वतः चहा केला. म्हणाले, "बाकीचे पहिल्या पानावरच जांभया देतात. सातपर्यंत तुम्हीच आले, भाऊ. हे मी एकटाच नाही करून राहिलो, असं वाटलं."

"सर, ते सातवं पान…" मी सुरुवात केली.

त्यांनी घाईनं चष्मा लावला, वही ओढली, पेनाचं टोपण काढलं.

"बोला."

मी म्हणालो, "पुन्हा एकदा पाहून सांगतो."