संगणकाला उठवावं कुणी

सोलापुरातल्या एका वाचनालयातला संगणक व्यवस्थित चालतो आहे, ही गोष्ट कार्यकारिणीच्या लक्षात आली आणि अडचणीला सुरुवात झाली.

संगणकातलं कळणारे एकमेव सदस्य गुरुशांत सर यांनी त्यातली लिनक्स प्रणाली नवी करून दिली होती. बटण दाबल्यावर सगळ्यांत आधी जागा होऊन संगणकातल्या बाकीच्या कार्यक्रमांना, म्हणजे प्रोग्रॅमना, उठवणारा कार्यक्रम आता बदलला आहे, असं त्यांनी सभेत सहज सांगितलं. नव्याचं नाव सिस्टिमडी. तो उठवतो, शिवाय नोंदी ठेवतो, घड्याळ सांभाळतो, आल्यागेल्यावर लक्ष ठेवतो.

"म्हणजे कार्यकक्षा ओलांडतो," अध्यक्ष बसलिंगप्पा म्हणाले. "ज्यानं उठवायचं त्यानं उठवावं आणि गप बाजूला बसावं की." बसलिंगप्पा सव्वीस वर्षं अध्यक्ष होते.

"आण्णा," गुरुशांत सर म्हणाले, "जुन्यात एकेकाला रांगेनं उठवायचं. एक अडला की मागचे सगळे ताटकळले."

"ताटकळू देत. पण कुणी कुणाला उठवलं ते साध्या अक्षरात वाचता येत होतं. तुमच्या ह्याच्या पोटात काय शिजतंय, कुणाला ठाऊक?"

'प्रारंभक कार्यक्रमाची कार्यकक्षा निश्चित होईपर्यंत संगणक सुरू करण्यात येऊ नये,' असा ठराव झाला आणि एवढ्या एकाच कामासाठी उपसमिती नेमली गेली. उपसमितीच्या इतिवृत्ताला वही लागली, वहीला कपाट लागलं, कपाटाला किल्ली. किल्ली आली तशी पाण्याची टाकी, वर्तमानपत्रांची निवड आणि लिपिकाची रजाही उपसमितीकडे आली. एकानं एकच काम करावं, या मताचे बसलिंगप्पा तिचेही अध्यक्ष झाले.

लिपिक म्हणजे मृत्युंजय. त्यानं ठराव तीनदा वाचला. पटेना, तेव्हा आपल्याच वाचण्यात चूक असणार असं समजून त्यानं तो फलकावर लावला.

तीन महिन्यांनी वळसंगची शिवलीला आली. ती दोन वर्षं वाचनालयात सहायक होती.

"काका, सोमवारी केमच्या शाळेत हजर व्हायचं हाय. अनुभवाचा दाखला न्हाय दिला तर दुसऱ्याला घेत्यात."

"दाखला संगणकात आहे गं."

"मग हातानं लिवा की."

"हातानं लिहिलेले दाखले गेल्या वर्षी बंद झाले. संगणकीकरण पूर्ण झालं म्हणून."

शनिवारच्या सभेत ती स्वतःच उभी राहिली. "आण्णा, जुना असू द्या न्हायतर नवा. मला एक कागद पायजे."

"तटस्थ, असं लिहून घ्या," बसलिंगप्पा मृत्युंजयला म्हणाले.

मृत्युंजयनं लिहून घेतलं. मग नोकरीत पहिल्यांदाच कुणाला न विचारता तो उठला, शेजारच्या खोलीत गेला आणि बटण दाबलं. आपण बरोबर केलं की चूक, याचा विचार पुरा होण्याआधीच संगणक सुरू झाला होता. छापलेला दाखला त्यानं अध्यक्षांपुढे सरकवला. ते गुरुशांत सरांचं बोलणं अडवण्यात गुंतले होते. त्यांनी न बघता सही केली. शिवलीला कागद घेऊन जिना उतरली.

"आतून हा आवाज कसला?" बसलिंगप्पांनी विचारलं.

"संगणक सुरू केला, आण्णा."

"कुठल्या पद्धतीनं?" गुरुशांत सरांनी घाईनं विचारलं.

"बटण दाबून."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बटण दोघांच्याही कार्यकक्षेत नव्हतं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच एकमतानं ठराव झाला आणि मृत्युंजय निलंबित झाला.

शिवलीला केमला रुजू झाली. मूळ प्रश्नावर मात्र उपसमितीनं वाचकांची मतं मागवली. आजवर दोनशे अकरा पत्रं आली. एकशे चार जुन्याच्या बाजूनं, एकशे सात नव्याच्या. बटण दाबणाऱ्याचं काय करावं, याबद्दल एकाही पत्रात ओळ नाही.

पत्रं लावायला दुसरं माणूस नसल्यामुळे ती मृत्युंजयच्या घरी पाठवतात. तुमचं पत्र कुठल्या ढिगात आहे, तेवढं तो सांगू शकेल.