कार्यालयीन वेळेतली रात्र

नगरपालिकेतल्या टायपिस्टने बायकोच्या ताटाखाली एक कागद हळूच सरकवला आणि तो अगदी मन लावून जेवू लागला. बायको रात्री कामाला जाणारी आणि नवरा दिवसा, त्यामुळे सकाळचं जेवण हीच काय ती दोघांची भेट. त्या भेटीत तो सहसा बोलत नसे, पण आज त्याचं न बोलणंही नेहमीचं नव्हतं. बायकोने कागद ओढून वाचला. रात्री नऊनंतर गावातली सगळी करमणुकीची ठिकाणं बंद, अंमल आजपासून, उघडं दिसेल त्याला दंड.

"हे तुम्ही टाईप केलंत?"

"साहेबांनी सांगितलं. मी फक्त बोटं चालवली."

"आणि डोकं?"

"ते काम वरच्या मजल्यावर असतं," टायपिस्ट म्हणाला आणि त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला, म्हणजे पुढचा प्रश्न आला तर उत्तर देता येऊ नये.

करमणुकीची सगळी ठिकाणं म्हणजे तरी किती? गावात एकच होतं. सायकलवाल्याच्या दुकानावरचा लाकडी माळा, आणि तो हिचा होता. सगळं गाव तिला वहिनी म्हणायचं. रात्री कामं आटपली की लोक जिना चढून माळ्यावर यायचे, चहा आणि टोस्ट घ्यायचे आणि गाणी म्हणायचे. दवाखान्यातली नर्स पाळी संपवून यायची, पाववाला भट्टी पेटवण्याआधी यायचा, न्हावी आपला अकॉर्डियन घेऊन यायचा. बायको वारल्यापासून शिंप्याला घरी जावंसं वाटायचं नाही, तो सगळ्यांत आधी यायचा आणि सगळ्यांत शेवटी जायचा. गाणी काही फार चांगली होत असत असं नाही. खरं सांगायचं तर वाईटच होत. पण वहिनींनी बारा घरची धुणीभांडी करून तो माळा उभा केला होता, आणि तो बंद पडला असता तर त्यांना पुन्हा बारा घरं धरावी लागली असती. धरलीही असती त्यांनी. पण रडून नव्हे, भांडून.

आदेशाच्या मुळाशी सभापती होते. त्यांचं घर माळ्याच्या अगदी समोर. गेली तीन वर्षं त्यांना रात्रीची झोप नव्हती आणि माळ्यावर गाणी होती, तेव्हा एक दुसऱ्यामुळे आहे असं त्यांनी ठरवून टाकलं. ठरवण्याचा त्यांना अधिकारच होता.

"शेवटी बारीक अक्षरात एक कलम आहे," टायपिस्ट ताटाकडे बघत पुटपुटला. ज्या ठिकाणाला सांस्कृतिक मूल्य आहे असं समिती ठरवेल, त्याला सूट. समितीची तपासणी पूर्ण होईपर्यंतही सूट. हे कलम वरून आलं होतं म्हणून घालावं लागलं होतं, कुणी वापरावं अशी कुणाचीच इच्छा नव्हती.

"मग येऊ दे समिती. आज रात्रीच येऊ दे."

"अगं, समिती रात्री नाही येत. कार्यालयीन वेळेतच येते. जीपचा ड्रायव्हर साडेपाचला सुटतो."

"रात्री काय चालतं ते बघायला दुपारी येणार?"

"चार वाजता. नियम आहे."

वहिनींनी हात धुतले, पदर खोचला आणि म्हणाल्या, "बरं. मग आज रात्र चारला काढू." लोक हसतील, असं टायपिस्ट म्हणाला. हसू देत, तुम्ही तपासणीचा अर्ज साहेबांपुढे ठेवा, त्या म्हणाल्या, आणि निघाल्यासुद्धा.

रात्र काढणं हे बोलायला सोपं. शिंप्याने दुकानातलं होतं नव्हतं ते काळं कापड जोडून खिडक्यांना जाड पडदे शिवले. सायकलवाल्याने भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. फटी बुजवल्या, माळ्यावर डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना इतका अंधार झाल्यावर वहिनींचं समाधान झालं आणि मग दिवे लागले. पण रात्र म्हणजे नुसता अंधार नव्हे, माणसं हवीत, आणि माणसं तर दुपारी कामावर. वहिनींनी प्रत्येकाला निरोप धाडला की आज नाही आलात तर उद्यापासून यायला जागा राहणार नाही. मग काय विचारता. नर्सने पाळी बदलून घेतली. पाववाल्याने दुपारची भट्टी विझवली. न्हाव्याने अर्ध्या दाढीवर गिऱ्हाईक सोडून दुकानाला कुलूप लावलं, तर ते गिऱ्हाईक एका गालावर फेस घेऊन त्याच्या मागोमाग माळ्यावर आलं आणि उरलेली दाढी झाल्याशिवाय हलणार नाही म्हणून बसलं.

सगळ्यात मोठी पंचाईत झाली नगरपालिकेत. माळ्यावरची निम्मी माणसं तिथलीच होती. जेवणाच्या सुट्टीनंतर रजेचे अर्ज येऊ लागले आणि सगळ्या अर्जांवर कारण एकच. चार वाजता सभापती खोलीबाहेर आले तेव्हा व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. पाणीपट्टीची खिडकी बंद, जन्ममृत्यू नोंदणीच्या टेबलावर नुसता पंखा फिरतोय.

"ड्रायव्हर कुठे आहे?"

"त्याची मावशी आजारी आहे, साहेब," टायपिस्ट म्हणाला.

"आणि पाणीपट्टीवाले?"

"त्यांचीही मावशीच."

"सगळ्यांची मिळून एकच मावशी आहे का?"

"चौकशी करून सांगतो, साहेब."

अखेर समिती पायीच निघाली. समिती म्हणजे सभापती आणि आरोग्य अधिकारी, आणि मागून फायली सांभाळत टायपिस्ट. निघण्याआधी सभापतींनी रात्री दंड करत फिरणाऱ्या पथकाच्या नव्या प्रमुखाला फोनवरून बजावलं होतं. तो कालच दुसऱ्या गावाहून बदलून आला होता, इथल्या कुणाचंही तोंड त्याला ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच त्याला नेमलं होतं. आज पहिली रात्र आहे, सभापती म्हणाले, कुणाची गय करू नको. ओळख सांगेल त्याला दुप्पट दंड. पथकप्रमुखाने ते शब्द मनात दोनदा म्हणून घेतले.

माळ्याचं दार उघडलं आणि समिती भर उन्हातून काळोखात शिरली. सभापती पहिल्यांदा एका बाकाला अडखळले आणि नंतर ड्रायव्हरला. तो ढोलकं मांडीवर घेऊन बसला होता. मावशीला बरं वाटतंय, असं तो स्वतःहूनच म्हणाला. दिव्यांची सवय झाली तशी सभापतींना आपली अख्खी नगरपालिका रांगेने बसलेली दिसली. रागावायची सोय नव्हती. रजा सगळ्यांच्या मंजूर होत्या आणि सह्या त्यांच्याच होत्या, न वाचता केलेल्या.

आरोग्य अधिकाऱ्यांनी वही काढून विचारलं की यात संस्कृती नेमकी कोणती, कारण चहा आणि टोस्ट तर कुठेही मिळतो.

वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "साहेब, दिवसा ही सगळी माणसं एकमेकांची गिऱ्हाइकं असतात. नर्स सुई टोचते, न्हावी पैसे मोजतो, तुमचे लोक खिडकीतून उद्या या म्हणतात. रात्री इथे ती शेजारी बसून चहा पितात. तुमच्याकडे याला दुसरा शब्द असेल तर तो लिहा. पण बंद करायला आला असाल तर माझ्या तोंडावर सांगा, कागद ताटाखाली सरकवू नका."

फायलींमागे टायपिस्टचा चेहरा उतरला. सभापतींनी घसा साफ केला. "चालू करा. अर्ध्या तासात आटपतो. आणि तपासणी संपली असं मी म्हणेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. मला गोंधळ खपत नाही."

गाणी चालू झाली. न्हाव्याचा अकॉर्डियन दम लागल्यासारखा वाजत होता, ड्रायव्हर ताल चुकवत होता, शिंपी त्याच्या बायकोला आवडणारं एक लांबलचक गाणं डोळे मिटून म्हणत होता. थोड्या वेळाने सभापतींनीही डोळे मिटले. दाद देताहेत, असं नर्स पाववाल्याच्या कानात म्हणाली. मग सभापतींची मान कलली, आणि गाण्यात एक नवीन, खर्जातला आवाज मिसळला.

शिंपी थांबला. तसं सभापतींचं घोरणंही थांबलं, कपाळाला आठी पडली, हात हवेत काहीतरी चाचपू लागला. वहिनींनी खूण केली, शिंप्याने पुन्हा सूर लावला, आणि साहेब पुन्हा शांत झाले. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा तेच. मग कुणी थांबायची हिंमत केली नाही. शिंप्याचा घसा बसला तसा पाववाला पुढे झाला. पाववाल्याची गाणी संपली तसं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक उठलं. त्याला एकच गाणं येत होतं, ते त्याने चार वेळा म्हटलं.

बाहेर ऑफिस सुटायची वेळ झाली आणि टळली. आरोग्य अधिकारी चुळबुळ करू लागले. त्यांनी टायपिस्टला खुणेने जवळ बोलावलं, पण तो उठला नाही. मग त्यांनीच वाकून कुजबुजत हुकूम केला की साहेबांना उठव.

टायपिस्टने आयुष्यात वरिष्ठाला नाही म्हटलं नव्हतं. घरीही म्हटलं नव्हतं, पण ते वेगळं. त्याने वहिनींकडे पाहिलं. त्या किटली हातात धरून उभ्या होत्या आणि त्याच्याकडे बघत नव्हत्या. सकाळपासून बघितलं नव्हतं.

"नाही उठवत," तो म्हणाला.

"काय?"

"साहेबांचा आदेश आहे. ते संपली म्हणेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. मी हललो तर आदेशाचा भंग होईल. तुम्ही हललात तर तुमचाही होईल, साहेब. मी लिहून घेतलंय."

वहिनींनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. मग येऊन त्याच्या हातात चहाचा पहिला कप ठेवला, अधिकाऱ्यांच्याही आधी. टायपिस्टला इतकं बरं वाटलं की चहा गार होईपर्यंत तो प्यायचंच विसरला. आरोग्य अधिकाऱ्यांनी नाइलाजाने टोस्ट घेतला, मग दुसरा घेतला, आणि थोड्या वेळाने कॉलेजात म्हणायचे ते एक गाणं कुणी न विचारता म्हणून दाखवलं.

दिवेलागणीनंतर जिन्यावर पावलं वाजली आणि सभापतींच्या बायकोने दारातून डोकं आत घातलं. नवरा घरी आला नाही म्हणून ती शोधत आली होती. बाकावर पसरलेलं ध्यान बघून तिने तोंडावर हात ठेवला.

"उठवू का, बाई?" नर्सने विचारलं.

"हात लावलात तर याद राखा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तीन वर्षांनी झोपलाय हा माणूस. माझ्या भावाकडे रानात नेऊन ठेवला होता, तिथे पान हलत नव्हतं, तरी रात्रभर छताकडे बघायचा. आणि नाव मात्र तुमच्या गाण्याचं." एवढं बोलून ती उशाशी बसली आणि तिनेही चहा मागितला.

असे नऊ वाजले. नऊला काही मिनिटं झाली असतील, तोच दारावर दांडका वाजला आणि पथकप्रमुख आत आला. गाणं थांबलं. सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेने सभापतींना जाग आली. ते ताजेतवाने उठून बसले.

"झाला अर्धा तास? छान. जरा पडदा काढा." कुणीतरी पडदा काढला. सभापती बाहेरच्या काळोखाकडे बघत राहिले. "बाहेरूनही कापड लावलंय?"

"मालक कोण?" पथकप्रमुखाने विचारलं.

"मी," वहिनी पुढे झाल्या. "आणि दंड लावायचा तर मोजून लावा. इथे जे बसलेत त्यांच्यातला एकही सोडायचा नाही. मी माझा भरते, यांनी यांचा भरावा."

सभापती घाईने उठले. "अरे, मी सभापती आहे."

"ओळख सांगितली," पथकप्रमुख शांतपणे म्हणाला. "दुप्पट."

"असं करायला तुला सांगितलं कुणी?"

"सभापतींनी."

माळ्यावर कुणी हसलं नाही, पण बाकं करकरली. सभापतींना उद्याचं गाव डोळ्यांपुढे दिसू लागलं. स्वतःच्याच आदेशाखाली, पहिल्याच रात्री, तेही घोरताना. तेवढ्यात टायपिस्ट बोलला. तो उभा राहिला नाही, कारण हलायची परवानगी नव्हती.

"साहेब, शेवटचं कलम. तपासणी पूर्ण होईपर्यंत सूट आहे. आपण अजून संपली असं म्हणाला नाहीत."

पथकप्रमुखाने विचार केला. त्याला ते पटलं. त्याने सभापतींकडे वळून विचारलं की तपासणी संपली की चालू आहे, एकच काय ते सांगा. सभापतींनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी हाताची घडी घातली होती आणि त्या त्यांना काडीचीही मदत करणार नव्हत्या.

"चालू आहे," सभापती म्हणाले.

"चार वाजल्यापासून? इतका वेळ?"

"मूल्य फार आहे," सभापती खाली मान घालून म्हणाले. "मोजायला वेळ लागतो."

पथकप्रमुखाने सलाम ठोकला आणि तो गेला. न्हाव्याने अकॉर्डियन उचलला.

त्यानंतर माळा सोमवार सोडून रोज रात्री उघडा असतो, कारण तपासणी अजून चालूच आहे. मूल्य आहे असं लिहून द्यायला सभापती कधीही तयार आहेत, पण मग तपासणी संपेल, आणि त्यांना रोज उशी घेऊन रस्ता ओलांडायला कारण उरणार नाही. टायपिस्टही आता रात्री माळ्यावर येतो आणि कप विसळतो. अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकाने दुसरं गाणं शिकून घेतलं आहे.

परवा सकाळी मात्र वहिनींच्या ताटाशेजारी पुन्हा एक नोटीस आली. या वेळी ती खाली सरकवलेली नव्हती, समोर ठेवलेली होती. सोमवारी माळा बंद असल्यामुळे एका प्रतिष्ठित नागरिकाची झोपमोड होते, तरी बंद ठेवण्याचं कारण कळवावं, असं तीत म्हटलं होतं.

"उत्तर काय टाईप करू?" टायपिस्टने विचारलं. आता तो बायकोकडे बघत होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

"लिहा, सोमवारी मी झोपते," वहिनी घास घेत म्हणाल्या. "काही तक्रार असेल तर कार्यालयीन वेळेत या म्हणावं."